कुणाचीही मदत न घेता

महानगर, लखनौ
९ नोव्हेंबर २०२५

चि. जुई,

आशीर्वाद आहेतच. भांडण झालं म्हणून ते काही परत घेता येत नाहीत.

पत्राला एक कागद टाचला आहे. इथल्या कपूरथला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मुद्दाम रंगीत काढून घेतला. डोळे भरून बघ. वर नाव आहे, लक्ष्मीकांत विठ्ठल शिंत्रे, वय शहात्तर. खाली हिरवा गोल, आणि गोलात आकडा: तीसपैकी अठ्ठावीस.

हेच तुझे बाबा बरं का. गेल्या दिवाळीत माझ्याच घरात बसून, माझ्याच हातची चकली मोडत तू म्हणालीस, "आई, बाबा एक ही बात चार बार पूछते हैं. किसी डॉक्टर को दिखाओ." त्यावर मी तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे, तुलाही असणार. तू माझ्या नातीला, रुचाला उचललंस आणि एक दिवस आधीच पुण्याला निघून गेलीस. वर्ष झालं त्याला. तेव्हापासून आपण हवापाण्याच्या पलीकडे गेलो नाही. आज जाते. पण फोनवर नाही, फोनवर तू मधे बोलतेस. कागद निमूट ऐकून घेतो.

त्याचं असं झालं. आपल्या मराठी समाजाच्या दिवाळी फराळाला यंदा एक नर्स आल्या होत्या, नसरीन सिस्टर. साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती वेळेत तपासली जावी म्हणून त्यांच्या रुग्णालयानं फोनवर एक चाचणी काढली आहे. रांग नको, डॉक्टर नको. घरी बसून आपली आपण द्यायची. फोन हिंदीत प्रश्न विचारतो, आपण बोटानं नाही तर तोंडानं उत्तर द्यायचं. निकाल परस्पर त्यांच्याकडे जातो. गुण कमी पडले तर डॉक्टरकडे बोलावणं येतं, चांगले पडले तर वर्षभर सुट्टी.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. दीनानाथ, आपले बँकेतले, तुला लहानपणी रेवड्या आणून द्यायचे ते, म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी उभी राहिले. म्हटलं, सिस्टर, आमची दोघांची नावं लिहा. मग काय, माझ्यामागून आणखी चौघांनी लिहिली.

सोपी नाही हं चाचणी. बोटानं घड्याळ काढून त्यात पावणेपाच वाजवायचे. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगायचे. सुरुवातीला पाच शब्द ऐकवतात आणि मधे भलतंच काहीतरी करायला लावून शेवटी तेच पाच विचारतात. मला तीसपैकी तीस पडले, ते सांगायला नकोच. पण तुझ्या बाबांना अठ्ठावीस! वायुदलात चाळीस वर्षं रडारसमोर बसलेला माणूस आहे तो. असातसा नाही.

माफी माग असं मी म्हणत नाही. कागद जावईबापूंना दाखव, एवढंच.

बाकी इथे ठीक. थंडी सुरू झाली. परवा दूध दोनदा आणलं गेलं, मग खरवस नाही तरी बासुंदी झाली. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा हे नेमके अंघोळीला असतात, त्याला मी काय करू?

तुझी आई


महानगर, लखनौ
२३ नोव्हेंबर २०२५

जुई,

पंधरा दिवसांनी तुझं उत्तर आलं. मी दोन पानं लिहिली, तू फोनवर सहा शब्द पाठवलेस. "आई, बाबा ने अकेले दिया था?" पुण्यात राहून मराठी आईला हिंदीत उत्तर, तेही असलं!

हे तू मला विचारतेस? मला? सव्वीस वर्षं मी इथल्या मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवलं आणि सव्वीस वर्षं यू.पी. बोर्डाच्या परीक्षेला वर्गात उभी राहिले. ज्या राज्यात खिडकीतून चिठ्ठ्या फेकायला अख्खं खानदान येतं, तिथे माझ्या वर्गात कागदाचा कपटा सापडला नाही. एकीनं वेणीत सूत्रं गुंफून आणली होती, तर मी तिची वेणी सोडवून परत घालून दिली होती. भरारी पथक माझ्या वर्गाकडे वळायचंसुद्धा नाही. म्हणायचे, शिंत्रे मॅडम के कमरे में क्या देखना. आणि माझी पोटची पोर मला विचारते, अकेले दिया था?

मी फक्त शेजारी बसले होते. नवऱ्याशेजारी बसायला बायकोला परवानगी लागते का? पन्नास वर्षं बसते आहे.

बरं. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, "यह जाँच अकेले करें. किसी की मदद न लें." तू शोधून काढशीलच, म्हणून मीच सांगते. मी ते वाचलं होतं. पण मदत म्हणजे उत्तर सांगणं. मी एकही उत्तर सांगितलं नाही. घड्याळाचा छोटा काटा चुकीकडे निघाला तेव्हा मला खोकला आला. थंडी आहे, खोकला येतो माणसाला.

आणि सराव करून घेतला हे मी लपवत नाही, उलट मला त्याचा अभिमान आहे. पोरं स्कॉलरशिपला बसतात तेव्हा आपण जुने पेपर सोडवून घेतो की नाही? ती चाचणी सुरू करून मधेच बंद केली, की पुढच्या वेळी शब्दांचा दुसरा संच येतो. असे एकूण तीन संच आहेत. तिन्ही मी वहीत उतरवून घेतले. पेपर फोडला म्हण हवं तर. पहिल्या संचात चम्मच, नदी, दरी, पीपल आणि नीला. ह्यांना वाक्य करून दिलं, चमच्यानं नदीतली दरी उपसली आणि पिंपळ निळा झाला. हसू नकोस, तीन दिवसांत पाठ झालं त्यांचं. शंभरातून सात तर मी पाढ्यासारखं म्हणून घेतलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. रोज सकाळी, गच्चीवर उन्हात.

दीनानाथांना सुगावा लागला. मग दर गुरुवारी आमच्या दिवाणखान्यात पाच जणांचा वर्गच सुरू झाला. त्यांना सव्वीस पडले. आता समाजात मला लताबाई न म्हणता पुन्हा मॅडम म्हणतात. अकरा वर्षांनी कुणी मला मॅडम म्हणालं, जुई. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तुझ्या सहा शब्दांचं हे उत्तर. आता तरी गप्प बस.

आई


महानगर, लखनौ
७ डिसेंबर २०२५

जुई बाळ,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे, आता फाडणार नाही.

गुरुवारी सकाळी मी गच्चीवर मटार सोलत बसले होते. हे समोर खुर्चीत, माझी ती वही मांडीवर घेऊन, ओठ हलवत. मी म्हटलं, "अहो, झाली ना परीक्षा? अठ्ठावीस पडले. आता कशाला घोकताय?"

वहीतून मान वर न करता म्हणाले, "लेखी झाली अगं. तोंडी राहिली आहे. ती साहेब स्वतः घेणार आहेत."

मला वाटलं चेष्टा करतात. म्हटलं, "कोण साहेब?"

"वायुदलाच्या ट्रेड टेस्टचे, आणखी कोण? या वेळी पास झालो की इथून बदली नाही. जुईला आत्ता कुठे इथल्या शाळेत घातलंय. परत तेजपूरला नाही न्यायचं पोरीला. तू काळजी करू नकोस, माझा अभ्यास पक्का आहे." आणि त्यांनी वही मिटली आणि पंधराच्या पंधरा शब्द मला म्हणून दाखवले. तिन्ही संच. एकही चुकला नाही.

मी विचारलं, "जुई कितवीत आहे हो?"

"पहिलीत," म्हणाले, आणि असे हसले माझ्याकडे, जसे त्या वेळी हसायचे. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला चमचा नि नदी पाठ करून घेत होते.

मी मटार सोलत राहिले. अर्ध्या तासानं ते उठले, "चहा टाकू का गं," म्हणाले, आणि पुन्हा आजच्यात आले. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली नाही.

तर तू म्हणत होतीस ते खरं होतं. वर्षापूर्वीच खरं होतं. मलाही तेव्हाच कळलं होतं. तुझ्याआधी कळलं होतं, जुई. एकाच घरात राहते मी. किल्ल्या फ्रिजमधे मीच शोधल्या आहेत. वीजबिलाच्या खिडकीवर स्वतःचा पत्ता सांगताना ते अडकले तेव्हा मीच मागून बोलले आहे. तू ते तोंडानं म्हणालीस म्हणून मी तुझ्यावर तुटून पडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातली गत.

आणि आणखी एक. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा हे अंघोळीला नसतात. समोरच्या खुर्चीत असतात. मी बोट ओठांवर ठेवते आणि ते बिचारे गप्प बसतात. दोन वाक्यं बोलले असते तरी तुला कळलं असतं, म्हणून वर्षभर मी तुझा आवाज त्यांच्या कानापर्यंत जाऊ दिला नाही. याची मला लाज वाटते. लिहितानाही वाटते आहे.

मी भ्याले होते गं. पाय मोडला तर माणसं संत्री घेऊन येतात. डोकं चालेना झालं की हसतात, मागून बोटं फिरवून दाखवतात. माझ्या नवऱ्यावर कुणी हसलेलं मला चालणार नाही. म्हणून मी त्यांना पास करून ठेवलं. त्याचा अर्थ काय झाला, तर हिरवा गोल मिळालेल्याला वर्षभर कुणी विचारत नाही. ज्यांना कमी पडले त्यांना महिन्याभरात मेंदूच्या डॉक्टरांनी बोलावलंसुद्धा. वेळेत कळलं तर बरंच काही करता येतं, असं सिस्टर त्या दिवशी घसा फोडून सांगत होत्या. तो वेळच मी त्यांच्या हातातून काढून घेतला. परक्यानं हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

उद्या मी नसरीन सिस्टरकडे जाते आहे. तुझ्याकडून काही नको. नुसतं वाच.

आई


महानगर, लखनौ
१९ डिसेंबर २०२५

चि. जुईला आईचे आशीर्वाद, आणि या वेळी बातमीसुद्धा.

सोमवारी गेले सिस्टरकडे. तोंडी सांगायचा धीर होईना, म्हणून शाळेत लिहायचे तसा रीतसर अर्ज लिहून नेला. "सविनय निवेदन है कि प्रार्थिनी ने पाँच लोगों को नकल कराई है." खाली सही आणि तारीख. सिस्टर आधी हसल्या. मग वाचत गेल्या तशा गंभीर झाल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "आंटी जी, लोग कम नंबर से डरते हैं. हम ज़्यादा नंबर से डरते हैं." मी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा कुणी मला कॉपी करताना पकडलं होतं आणि तेही मीच पकडून दिलं होतं.

त्या म्हणाल्या, पुन्हा घेता येईल. रुग्णालयाच्या टॅबलेटवर चौथा संच आहे, घरच्या फोनवर न येणारा. पण अंकलना आधी खरं काय ते सांगा. त्यांची इच्छा असेल तरच बसवा. आणि तुम्ही खोलीबाहेर.

घरी येऊन सगळं सांगितलं ह्यांना. खोकल्यासकट. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी जायचं?" दुसरं काही नाही.

बुधवारी गेलो. लहानशी खोली, टेबल, खुर्ची. बाहेर बाक, त्यावर मी. दार अर्धवट लोटलेलं होतं, त्यामुळे मला त्यांची पाठ दिसत होती आणि यंत्राचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. यंत्रानं पाच शब्द सांगितले. कबूतर, साबुन, खिड़की, अदरक, पुल. माझे लगेच पाठ झाले, न सांगता. सवयच ती.

वीस मिनिटांनी यंत्र म्हणालं, अब वही पाँच शब्द बोलिए. हे म्हणाले, "कबूतर." मग थोड्या वेळानं, "पुल." मग काहीच नाही. मी बाकावर बसून मनात ओरडत होते, साबण, अहो साबण, रोज अंघोळीला घेता ना हातात. घशाशी आलं होतं माझ्या. तोंडात पदराचा बोळा कोंबून बसले. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयला वाटलं मला उलटी होते आहे. त्यानं बादली आणून ठेवली.

त्या चाचणीत एक बटण असतं, "याद नहीं आ रहा." घरी मी त्यांना ते कधी दाबू दिलं नव्हतं. हात पुढे गेला की मी मनगट धरायची. परवा त्यांनी ते दाबलं. तीनदा. दर वेळी टिंग असा आवाज यायचा आणि ते ताठ बसलेले होते, खांदे सरळ, परेडला उभे असल्यासारखे.

बाहेर आले. माझ्या पुढ्यात उभं राहून सांगितलं, "दोन शब्द आले. तीन नाही आले. तसंच सांगितलं मी."

तीसपैकी सोळा. गोल लाल.

माझ्या डोळ्यांना धार लागली तर मलाच दटावलं. म्हणाले, "रडारवर बसलं की जे दिसतं तेच लॉगमधे लिहायचं असतं लता. आपल्याला हवं ते लिहिलं तर वरचा माणूस मरतो." मग बाकावर माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मला कळत होतं गं. दीडेक वर्ष झालं असेल. पण तुला माझा नंबर यायला हवा होता ना? म्हणून पाठ करत होतो."

जुई, हे वाक्य मी तुला लिहून कळवते आहे, पण ते मला अजून पचलेलं नाही. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळते आहे. स्वतःचं बोट धरून ठेवायला स्वतःचंच मन पुरत नाहीये, अशा अवस्थेत तो माणूस मला सांभाळत होता. माझी हौस भागावी म्हणून रोज सकाळी उन्हात बसून निळा पिंपळ म्हणत होता.

मी उभ्या आयुष्यात हजारो पेपर तपासले. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या पोरी पाहिल्या. त्या सोळासारखा पेपर मी पाहिला नाही. तुला मी अठ्ठावीसचा रंगीत कागद पाठवला होता ना? फाडून टाक. मला अभिमान आहे तो या सोळाचा आहे आणि हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. सांगितलंसुद्धा. काल गुरुवार होता, वर्ग भरला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, वर्ग बंद. तुम्ही सगळे खोटे पास आहात, त्याचं कारण मी आहे. ह्यांना सोळा पडले आणि ते त्यांचे स्वतःचे आहेत. आता ज्याला हिंमत असेल त्यानं एकट्यानं बसून दाखवावं.

कुणी हसलं नाही, जुई. एकजण नाही. दीनानाथ तर तिथून थेट सिस्टरकडे गेले. एकट्यानं बसले आणि सत्तावीस घेऊन आले. आता सगळीकडे सांगत फिरतात, मॅडमच्या क्लासमुळे माझा एक गुण गेला होता. ऐकून घेते. पर्याय काय?

ह्यांना आठ जानेवारीची तारीख मिळाली आहे.

रविवारी फोन कर. तेच उचलतील. मी स्वयंपाकघरात असेन.

आई


महानगर, लखनौ
११ जानेवारी २०२६

प्रिय जुई,

रविवारी फोनवर दोन वेळा रडलीस आणि तीन वेळा हसलीस. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. तुला एकच गोष्ट त्यांनी चारदा विचारली, तीही मोजली. तू चारही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलंस. कुणाकडून शिकलीस? माझ्याकडून तर नाही.

आता डॉक्टरांचं. बाई आहेत, रुचाच्या आत्याच्या वयाच्या. घाई नाही, आवाज चढवणं नाही. सव्वा तास ह्यांच्याशी बोलल्या. माझ्याशी नंतर. म्हणाल्या, ती फोनवरची चाचणी म्हणजे आजाराचं नाव नव्हे, दारावरची घंटा आहे, वाजली की दार उघडून बघायचं. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. कानाचं यंत्र लावायला सांगितलं, कारण माणूस विसरतो त्यातलं अर्धं त्यानं नीट ऐकलेलंच नसतं. डोक्याचा फोटो पुढच्या आठवड्यात. त्यानंतर काय ते नाव देतील. "पुढे काय होईल ते आज सांगत नाही," म्हणाल्या, "पण वेळेत आलात. आणखी वर्षानं आला असतात तर हातात कमी राहिलं असतं." हे ऐकताना मी जमिनीकडे बघत होते. ह्यांनी टेबलाखालून माझा हात धरला.

एक गंमत सांगते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंकल, घर पे किसको बताया है? हे म्हणाले, "सबको." आणि खरंच सगळ्यांना सांगितलंय. काल भाजीवाल्याला म्हणत होते, "भैया, मैं भूल जाता हूँ, काग़ज़ पे लिख दो क्या-क्या दिया." सरळ, मान वर करून, चारचौघांत. भाजीवाल्यानं लिहून दिलं. आणि म्हणाला, बाबूजी, मेरे वालिद को भी दिखाना है, कहाँ जाऊँ? ह्यांनी त्याला सिस्टरचा पत्ता सांगितला, अगदी गल्लीसकट. माझ्या नवऱ्याला पत्ता सांगता आला यानं मला जेवढा आनंद झाला, तेवढा तुझ्या दहावीच्या निकालानं झाला नव्हता. रागावू नकोस.

मला अजून सवय मोडायची आहे. ते शब्दाला अडले की माझी जीभ आपोआप पुढे येते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आंटी, दस तक गिनिए, फिर बोलिए. मी मनात शंभरातून सात-सात वजा करते. एकावन्नला पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा त्यांना शब्द सापडतो. आणि नाही सापडला तर नाही, जग बुडत नाही.

पुढचं पान त्यांचं आहे. मी समोर बसते आहे, पण एक अक्षर सांगणार नाही.


प्रिय जुई,

मी बरा आहे. विसरतो. ते आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बरं वाटतं. लपवताना फार थकायला व्हायचं.

इंजेक्शन दुखत नाही. इथे ऊन छान पडतं. सकाळी मी गच्चीवर बसतो, आई मटार सोलते, मीही सोलतो.

तुझा फोन आला होता. तुझी मुलगी बोलली माझ्याशी. तिनं शाळेतलं काहीतरी सांगितलं. काय ते गेलं, पण ती खूप हसत होती ते आहे.

तिचं नाव इथे लिहायचं होतं. आत्ता येत नाही. बराच वेळ थांबलो. आईला येतं. ती ओठ घट्ट दाबून समोर बसली आहे, डोळ्यांत पाणी आहे, पण सांगत नाही. शाबास तिची. मला तिचा फार अभिमान वाटतो.

नावाची जागा मोकळी सोडतो. तुम्ही दोघी या. मी तिलाच विचारीन.

बाबा